सरेंडर म्हणजे परत देणं

"मागे सर. कागद भिजेल."

संस्थेच्या मॅडमनी टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला. माझा ब्लाउज दुधाने ओला झाला होता. शेजारच्या खोलीत माझी पोर रडत होती. तिला माझ्याजवळ द्यायचं नाही, असं त्यांनी दाईला बजावलं होतं. पाजलं की जीव गुंततो म्हणे.

सदाशिव पेठेतली संस्था. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींना ठेवून घ्यायची. धायरीहून दादाने मला तिथे आणून टाकलं होतं. ज्याचं मूल, तो पलीकडच्याच गल्लीत राहायचा. माझ्याच कॉलेजातला. त्याला कुणी बोलावलं नाही. त्याची परीक्षा होती.

"सही कर," दादा म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली. आई आजारी पडलीय."

कागद इंग्रजीत. वर ठळक शब्द, सरेंडर. मी विचारलं, "म्हणजे मूल सोडणं ना?"

मॅडम इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. हसल्या. "अहो, बीए करताय ना आपण? फ्रेंचमधून आलाय शब्द. मुळात अर्थ, परत देणं. दुसऱ्याच्या हवाली करणं. हरलेलं सैन्य करतं ते. तास संपला. सही कर."

मी पेन घेतलं. नावाचं पहिलं अक्षर लिहिलंही. मग हात थांबला.

परत देणं. कुणाला?

"मॅडम, हिला मी कुणाकडून घेतलेलं नाही. परत कुणाला देऊ?"

"उद्धटपणा नको. बाहेर कोण ठेवून घेणार आहे तुला?"

"कुणी नाही."

दादा उठला. वळूनही न बघता गेला. मी अक्षर खोडलं. शेजारच्या खोलीत जाऊन दाईच्या हातून पोर ओढून घेतली. तिथेच भुईवर बसून सगळ्यांसमोर पाजली. टाके ओढत होते. मॅडम दारात उभ्या होत्या. असू देत.

पुढे एका मेसमध्ये पोळ्या लाटल्या. पोर पिठाच्या डब्यांमागे झोपायची. खोली ठरायची, नवऱ्याचं विचारायचे, खोली जायची. आई गेली, तेही परक्याकडून कळलं.

शाळेत नाव घालायला गेले. बाईंनी विचारलं, "वडिलांचं नाव?"

"माझं लिहा."

"असं चालत नाही हो."

मी समोरच्या बाकावर बसले. पोरीला मांडीवर घेतलं. तेव्हापासून जिथे जिथे हे विचारतात, तिथे मी बसते. माझं नाव लिहीपर्यंत उठत नाही.