उत्तर देणारी पेटी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझी कलकत्त्याला बदली झाली. विमानतळावरची रेडिओ आणि रडारची यंत्रं सांभाळणं हे माझं काम. नवं रडार विमानाला जणू 'तू कोण?' असं विचारायचं, आणि विमानात ट्रान्सपाँडर नावाची पेटी असली तर ती आपणहून तिला दिलेला क्रमांक कळवायची. लहान विमानांत अशी पेटी सहसा नसे. आमच्याकडच्या एका दोन आसनी विमानात ती पहिल्यांदा बसवली ती मीच.

ते विमान उडवणारे वयस्क बंगाली प्रशिक्षक होते. पेटीकडे बघून म्हणाले, "इंजिनिअरबाबू, मला तोंड आहे. मी कोण ते मीच सांगेन."

"सांगा ना, दादा. पण ही चालू राहू द्या."

चाचणीच्या दिवशी सकाळी हवा धुरकट होती. नदीवरून बजबज गावापर्यंत जायचं आणि परतायचं. मी रडारच्या खोलीत हवाई नियंत्रकाशेजारी बसलो होतो. परतीच्या वाटेवर रेडिओवरचा दादांचा आवाज बोलता बोलता तुटला. नियंत्रकाने पुन्हा पुन्हा हाका मारल्या. उत्तर नाही. पडद्यावर तीन ठिपके होते, तिघांच्याही पेटीवर एकच सर्वसाधारण क्रमांक, आणि एक प्रवासी विमान खाली उतरत होतं. यातले दादा कोणते?

तेवढ्यात एका ठिपक्यामागची खूण बदलली. दादांनी पेटीवर 'रेडिओ बंद' असा अर्थ असलेला ठरलेला क्रमांक लावला होता.

"हेच ते!" नियंत्रक म्हणाला. त्याने प्रवासी विमानाला वरच घिरट्या घालायला सांगितलं. टॉवरमधून उतरायची परवानगी म्हणून हिरवा दिवा दाखवला आणि ते छोटं विमान अलगद टेकलं.

मी धावत गेलो. इंजिन थांबलं होतं, तरी दादा आत बसूनच होते.

"किती हाका मारल्या मी," ते हळूच म्हणाले. "कोणीच बोलेना. एक क्षण वाटलं, आपण उरलोच नाही."

"आम्हाला दिसत होतात, दादा."

"ते कळलं. तुमच्या रडारने विचारलं की पेटीवरचा दिवा लुकलुकायचा. कोणीतरी विचारतंय, या धीरावर आलो."

नंतर मी पुष्कळ विमानांत अशा पेट्या बसवल्या. तो दिवा मात्र त्या दिवसाआधी मला फक्त तपासणीपुरता वाटायचा. समोर बसलेल्या माणसाला त्याचा काय आधार होत असेल, हा विचार मी कधी केलाच नव्हता.