ताप नसलेले पाळक

नाही म्हणायचं असलं की ते आधी दारात चपला काढायचे. होकार फोनवर देत, नकार द्यायला मात्र स्वतः जात. इंदूरच्या कृष्णपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत राहणारे हे चर्चचे पाळक. रविवारी कुणाकडे प्रार्थनेला जमणार नसलं, की शनिवारीच तिथं हजर.

"न येण्यासाठी येता तुम्ही!" मी हसायचो.

"अरे भिया, त्यांना तोंडावर बोलता आलं पाहिजे ना मला."

असा माणूस तुम्ही पाहिलाय?

दोन वर्षांपूर्वी गौतमपुऱ्यात एका निवृत्त नर्सच्या अंगणात त्यांनी नाताळची उपासना ठरवली. गुडघ्यांमुळे त्या म्हातारीला इंदूरला येणं होत नाही. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. नाताळ तोंडावर आला आणि गावातल्या काही टोळभैरवांनी धमकी दिली, अंगणात गाणी झाली तर बघून घेऊ. चर्चच्या पंचकमिटीनं सिस्टरना परस्पर कळवलं: पाळकांना ताप आहे, उपासना रद्द.

मी भडकलो. "जायचंच! डरायचं कशाला?"

"मी संध्याकाळी परत येईन रे. सिस्टरना तिथंच राहायचंय." पाळक म्हणाले, "पण ताप खोटा आहे. गाडी काढ."

सिस्टरच्या दारात चपला निघाल्या. सिस्टरनी आधी त्यांचं मनगट धरलं, मग कपाळाला हात लावला.

"ताप कुठंय?"

"नाही." मग त्यांनी धमकीचं सगळं सांगितलं. "येतो म्हणालो ते मनापासून होतं, सिस्टर. येत नाही म्हणतोय तेही तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी? मला विचारलं कुणी? तुमच्या होकाराची किंमत काय मग, पाळकसाहेब?"

त्यांची मान खाली गेली. "चुकलं. आता विचारतो. येऊ?"

अंगणात उसन्या खुर्च्या मांडून ठेवलेल्या होत्या. सिस्टरनी फाटकाकडे पाहिलं.

"नका येऊ," त्या म्हणाल्या. "पण आज आलाच आहात, तर बसा."

दार लावून आम्ही तिघांनी प्रार्थना केली. गाणं नाही. 

कमिटी खवळली. तिला खोटं चालतं, उघडं पडलेलं खोटं चालत नाही. उन्हाळ्यापर्यंत पाळकांची बदली झाली.

गेल्या नाताळात सिस्टरचा फोन आला. उपासनेला येणार असलेल्या नव्या पाळकांना ताप आहे, असा निरोप त्यांना मिळाला होता.

"बेटा," त्यांनी विचारलं, "खरंच ताप आहे का रे?"