तीन ईटीएफ आणि एक लाल काट

माझ्या मुलीला कारखान्यात 'चाळणी' म्हणतात. बटणांच्या कारखान्यात ती मालाची तपासनीस आहे. पोत्यातून मूठभर बटणं टेबलावर पसरते आणि कड उडालेलं, भोक चुकलेलं बटण बघता बघता बाजूला काढते. तिने मला हे लिहू दिलं नसतं, म्हणून ती झोपल्यावर लिहायला बसले आहे.

मी अर्थशास्त्राची पदवीधर, पण माझं सगळं अर्थशास्त्र मुदत ठेवीच्या पावतीपाशी येऊन थांबलं. शेअर म्हटलं की माझ्या छातीत धडधडतं. ही मात्र दोन वर्षं वाचत राहिली, आणि गेल्या वर्षापासून दर शनिवारी काम सुटल्यावर कॅन्टीनमध्ये बटणं निवडणाऱ्या बायकांना ईटीएफ शिकवू लागली. फुकट.

"लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस?" मी म्हटलं.

"आई, त्या माझ्यापेक्षा चांगलं निवडतात. त्यांना कोणी पोतं उघडून दाखवलेलं नाही, एवढंच."

तिची शिकवण्याची रीत मला आवडली. कारखान्यात दुकानदारांसाठी नमुन्याचं कार्ड असतं. पुठ्ठ्यावर प्रत्येक जातीचं एकेक बटण शिवलेलं. ती सांगे, "एकेका कंपनीचा शेअर म्हणजे एकेक सुटं बटण. ईटीएफ म्हणजे अख्खं कार्ड, आणि ते बाजार उघडा असेपर्यंत शेअरसारखंच विकता-घेता येतं. काही कार्डांवर देशातल्या मोठ्या कंपन्या, काहींवर एकाच धंद्यातल्या, काहींवर परदेशातल्या. एखादं नुसतं सोन्याचं, एखादं सरकारी रोख्यांचं. कार्ड शिवणारा दरवर्षी मजुरी कापतो, ती किती ते आधी बघा. आणि कार्डावरच्या बटणांची किंमत शंभर असेल तर कार्डाला एकशे पाच देऊ नका. ज्या कार्डाला गिऱ्हाईक कमी, तिथे हे हमखास होतं. म्हणून आपला भाव आपण लिहून द्यायचा, मिळेल त्या भावाला घ्यायचं नाही."

बायकांनी विचारलं, "तू काय घेतलंस?" तिने तिन्ही नावं सांगितली. एक पन्नास मोठ्या कंपन्यांचा ईटीएफ, एक शंभर कंपन्यांचा आणि एक फक्त बँकांचा. तीन ठिकाणी पैसे, म्हणजे जोखीम वाटली गेली, असा तिचा हिशोब. अकरा जणींनी तेच घेतले. त्यात मुकादम मावशीही होत्या. त्यांच्या नातीचं नर्सिंगचं शिक्षण पुढच्या वर्षी सुरू व्हायचं आहे, त्या फीचे पैसे त्यांनी यात घातले.

महिन्यापूर्वी एका रविवारी ही तिन्ही ईटीएफच्या याद्या घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. एका कागदावर कंपन्यांची नावं लिहिली आणि ज्या यादीत जे नाव, त्यावर एक बटण ठेवत गेली. शेवटी बघते तर मोठ्या बँकांच्या नावांवर तीन-तीन बटणांचे मनोरे. शंभराच्या यादीत ती पन्नास होतीच, आणि पैशांचा वाटाही बहुतेक त्यांचाच. शेवटच्या पन्नासांतल्या बहुतेक नावांवर एकेकच बटण.

मग म्हणाली, "आई, मी त्यांना एकच पोतं तीनदा विकलं गं."

मी म्हटलं, "अगं, भाव तर वर आहेत ना? कोणाचं काही बुडालं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. गुपचूप पुढच्या वेळी वेगळं सांग."

"आमच्याकडे झाकलेलं पोतं आधी उघडतात," ती म्हणाली.

शनिवारी तिचा चष्मा घरी राहिला असं निमित्त करून मी कॅन्टीनमध्ये गेले. खरं म्हणजे तो मीच पिशवीतून काढून ठेवला होता. मागच्या बाकावर बसले. त्या बायका हिच्यावर तुटून पडल्या तर मी काय करणार होते, कोण जाणे.

कारखान्यात एक रीत आहे. तपासनिसाच्या हातून खराब माल पुढे गेला, तर त्या पोत्यावर तिनेच लाल खडूने काट मारायची आणि खाली आपलं नाव लिहायचं. मुकादम ती काट पुसेपर्यंत तिला नवं पोतं मिळत नाही. हिच्या नावावर चार वर्षांत एकही काट नव्हती.

हिने फळ्यावर तिन्ही ईटीएफची नावं लिहिली, त्यांवर लाल काट मारली आणि खाली आपलं नाव लिहिलं. मग सगळं सांगितलं. काहीही न झाकता.

मग पुढच्या बाकावरून एक जण म्हणाली, "म्हणजे मला वाटलं तीन नवरे केले, आणि निघाला एकच!"

"तोही बँकेतला!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मुकादम मावशी हसल्या नाहीत.

"माझ्या नातीची फी?"

"मावशी, ते पैसे शेअरांत जायलाच नको होते. वर्षभरात लागणारे पैसे मुदत ठेवीत ठेवायचे, नाहीतर अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत. पैसे कधी लागणार, हे मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. चूक माझी."

"आणि भाव पडले असते तर?"

"तर तुम्हाला तोंड दाखवायला मला जागा उरली नसती."

मावशी उठल्या. फळ्यापर्यंत गेल्या. मी बाकाची कड घट्ट धरली.

"आज पुसत नाही," त्या म्हणाल्या. "पोतं पुन्हा निवडून दे. मग बघू."

पुढचे तीन शनिवार हिने एकेकीला शेजारी बसवलं. पहिला प्रश्न एकच, पैसे कधी लागणार? मावशींची फी आधी मुदत ठेवीत गेली. ज्यांना दहा-पंधरा वर्षं थांबायचं होतं, त्यांनी शंभर कंपन्यांचा एकच ठेवला आणि जोडीला थोडे रोखे, थोडं सोनं. विकताना कोणाला किती कर आणि दलाली लागली, तेही हिने फळ्यावर लिहिलं, आपल्या नावाखाली.

आज तिसरा शनिवार होता. शेवटचा कागद झाल्यावर मावशींनी तळहाताने काट पुसली. हात लाल झाला. तो तसाच त्यांनी हिच्या पाठीवर ठेवला. "चल, चाळणी. नवं पोतं घे."

हिच्या पांढऱ्या कुडत्यावर पाच बोटं उमटली आहेत. धुवायला टाकला होता, मी बादलीतून काढून ठेवला. आणि पावत्यांच्या डब्यातून माझ्या एका मुदत ठेवीची पावती काढून हिच्या हवाली करायला टेबलावर ठेवली आहे. सकाळी ती सगळ्यात आधी विचारेल, पैसे कधी लागणार? उत्तर मी आत्ताच पावतीच्या मागे लिहून ठेवलं आहे.