कप आणा, माईक घ्या

आमच्या महिला मंडळाच्या बायका चार ठिकाणी गेल्या की पाच किस्से घेऊन परत येतात. पाचवा परतीच्या टेम्पोत घडतो. माझ्याकडे ब्लाऊज शिवायला टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "ते कपाचं काय झालं होतं गो?" मग मशीन थांबतं, चहा ठेवला जातो आणि ब्लाऊज लांबणीवर पडतो. म्हणून म्हटलं, एकदाच सगळं सांगून टाकू.

*

सुरुवात झाली गौरी-गणपतीत, आमच्याच अंगणात. आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. गावातल्या नवरात्राचा कारभार माझ्या मोठ्या दिरांकडे, बाळाराम भाऊजींकडे. अध्यक्ष तेच, निवेदक तेच, आरतीत झांज पण त्यांचीच. माझी जाऊ सुमन त्यांची बायको. गौरीच्या फेरात तिच्यासारखं गाणं पेण तालुक्यात कोणी म्हणत नाही, हे मी जाऊ असून सांगते, म्हणजे बघा. पण नवरात्राचे नऊ दिवस ती मंडपामागे प्रसादाच्या पातेल्यापाशी. गाणी तिनं तिथनंच ऐकायची.

त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "या वर्षी नवरात्र बायका करतील. माईकसकट."

भाऊजी विडा चघळत होते. हसून म्हणाले, "आधी गावाबाहेरनं एक कप जिंकून आणा. मग मंडप तुमचा, माईक पण तुमचा."

ते गंमत करत होते. पण समोर हिरा काकी बसली होती. सगळा जन्म मिठागरात गेला तिचा, आणि गावात भाऊजींना एकेरी हाक मारणारी आता ती एकटीच उरली आहे. ती म्हणाली, "शब्द दिलास हां, बाळ्या. मी हाय साक्षीला."

सुमनचा चेहरा मी बघितला. तिला तो माईक खरंच हवा होता.

*

पहिली स्वारी पेणला. एका गणेश मंडळाची पाककला स्पर्धा. सुमननं वालाच्या बिरड्याची उसळ केली, नारळ घालून, आणि केळीच्या पानावर अशी मांडली की शेजारच्या टेबलावरच्या पिझ्झावाल्या बाईनं पण फोटो काढला.

प्रमुख पाहुण्यांना यायला उशीर झाला. पाहुण्यांशिवाय परीक्षक चाखायला तयार नाहीत. आम्ही सकाळी घरनं निघालेल्या, पोटात चहाशिवाय काही नाही. आधी काकीनं एक दाणा उचलला, मीठ बघायला. मग मी तिखट बघितलं. मग पिझ्झावाली आली, तिनं नारळ बघितला.

परीक्षक बाई आल्या तेव्हा पानावर फक्त पान होतं. त्या म्हणाल्या, "अहो, मी चव कशी सांगणार?"

काकी म्हणाली, "रिकामं पान बघून कळत नाय तुम्हाला?"

बाई मनापासून हसल्या आणि आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. एक प्रमाणपत्र, गुळगुळीत कागदाचं. भाऊजींनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "मी कप म्हणालो होतो, कागद नाय." सुमननं तो कागद फ्रिजवर लावला. पाणी प्यायचं तर भाऊजींना तो बघावाच लागायचा.

*

दुसरी स्वारी कासूला, फुगड्यांच्या स्पर्धेला. आमच्याकडनं प्रज्ञा आणि हिरा काकी. प्रज्ञा म्हणजे आमची नवीन सून, रोह्याची, चालताना पण मोबाईलवर पावलं मोजणारी. काकीला बघून आयोजकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ताई, आजींना काही झालं तर?"

झालं ते प्रज्ञाला. बाकीच्या जोड्या एकेक करून बसल्या तरी काकी फिरतच होती. शेवटी प्रज्ञा ओरडली, "काकी, सोडा, आपण जिंकलो!"

काकी म्हणाली, "मग काय झालं? दम हाय तोवर फिरून घे."

पहिला नंबर आला. सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि बक्षीस काय, तर डबल बेडची चादर. भाऊजी त्याच रात्री त्या चादरीवर ऐसपैस झोपले आणि सकाळी उठून म्हणाले, "छान हाय. पण चादर म्हणजे कप नव्हे."

*

आता राहिली रस्सीखेच. तीही पेणलाच, विसर्जनाच्या आधी. यात आमचा हात धरणारं कोणी नाही अशी खात्री होती. आमच्या गावात होडी चिखलातनं वर घ्यायची झाली की बाया, पुरुष, सगळेच दोराला लागतात. हाक काकीची. तिनं हाळी दिली की ओढायचं, आणि होडी कोरड्या जमिनीला लागेपर्यंत थांबायचं नाही. मध्येच थांबलं तर होडी परत चिखलात. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, लहानपणापासनं अंगातच मुरलेलं.

तेच अंगाशी आलं. शिट्टी झाली, काकीची हाळी झाली, आणि समोरच्या बाया पापणी लवायच्या आत रेषेच्या अलीकडे. पंचांनी शिट्टी मारली. आम्ही ओढतोय. परत शिट्टी मारली. आम्ही ओढतोय. समोरच्या बिचाऱ्यांनी दोर घट्ट धरलेला, त्यांना वाटलं स्पर्धा अजून चालू आहे. परीक्षकांचं टेबल हललं, सरबताचा स्टॉल कलला, आणि आम्ही थांबलो ते थेट मांडवाबाहेर, डांबरी रस्त्यावर. तिथं जमीन कोरडी होती.

पंच धापा टाकत मागनं आले. "अहो, शिट्टी ऐकू येत नाही का?"

काकीला खरंच नवल वाटलं. "शिट्टीला कोण थांबतो?"

आम्हाला बाद केलं. टेम्पोत बसून परत निघालो. सुमन पदर तोंडाला लावून बाहेर बघत बसलेली. तिला हसू येतंय की रडू, मला कळेना. शेवटी काकीच म्हणाली, "उद्यापास्नं शिट्टी शिकू."

*

आणि शिकलो. मी शाळेच्या खेळाच्या सरांकडनं शिट्टी मागून आणली. रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानात दोर. माझी शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. गावातले बाप्ये कट्ट्यावर बसून मजा बघायचे. एक दिवस त्यांना राहवलं नाही. "आमच्याशी ओढून दाखवा" म्हणाले.

दाखवलं. मैदानाच्या कडेला पावसाचं डबकं होतं, पुढचे तिघे त्यात. कपडे पिळत म्हणाले, "आम्ही मुद्दाम सोडलं, बायका म्हणून."

काकी म्हणाली, "बरं केलंत. आता मुद्दाम धुवा."

*

घट बसले तरी कप नव्हता. मंडपाच्या बॅनरवर भाऊजींचा मोठा फोटो, हात जोडलेला. सुमन पातेल्यापाशी गेली. आणि दुसऱ्याच दिवशी प्रज्ञाच्या माहेरनं फोन आला. रोह्याला महिलांची रस्सीखेच, दुपारी, आणि बक्षीस कप. प्रज्ञानं दोनदा विचारून घेतलं, "कपच ना? चादर नाही ना?"

नागोठण्यामार्गे टेम्पो हाणला. अंतिम फेरीत समोर रोह्याच्या जिमच्या मुली. एकसारखे टी-शर्ट, एकसारखे बूट. आम्ही साड्यांचे कासोटे घातलेले, पाय अनवाणी. शिट्टी झाली आणि दोर मधोमध अडकला. इकडे नाही, तिकडे नाही. माझ्या हाताची सालं निघाली. मला वाटलं, गेलं सगळं, आता पुढं दोर धरलेल्या सुमनला तोंड कसं दाखवू.

तेवढ्यात काकी म्हणाली, "ओढू नका. नुसता धरा. लाट येऊं दे."

माईकवरचा निवेदक गोंधळला. "मंडळी, रोह्याच्या मैदानात कुठली लाट येणार आहे?"

पण आम्हाला कळलं. होडी जड झाली की खाडीत असंच करतात. दोर सैल सोडायचा नाही, ओढायचा पण नाही. पाण्यानं होडी जरा उचलली की मग जोर लावायचा. आम्ही धरून राहिलो. समोरच्या मुली ओढून ओढून दमल्या, आणि एका क्षणी सगळ्यांनी मिळून श्वास घेतला.

"आली गो!" काकी म्हणाली.

सगळ्यांनी एकदम ओढलं, मुली रेषेच्या अलीकडे आल्या. पंचांची शिट्टी झाली आणि आम्ही अशा शहाण्यासारख्या थांबलो की दोर एकदम सोडलाच. मुली धाडकन पाठीवर. काकीनं एकेकीला हात देऊन उठवलं, धूळ झटकली. कप केवढा होता म्हणाल, तर काकीच्या कमरेला लागेल एवढा. सुमननं तो घरापर्यंत मांडीवरनं उतरवला नाही. मी विचारलं, "जड नाय होत?" तर म्हणाली, "होऊं दे." आणि रडली. मी पण रडले. आनंदाचंच होतं ते, लाज कसली.

*

पोचलो तेव्हा आरती नुकतीच संपली होती. सुमननं कप देवीपुढे ठेवला. सगळा गाव खुर्च्यांवर. भाऊजी कपाकडे बघत राहिले. मग शब्दाचा माणूस, मान्य करायला हवं, मुकाट्यानं उठले, सुमनच्या हातात माईक दिला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सुमननं माईक धरला. मला वाटलं, आता गाणार.

ती म्हणाली, "सूचना. मंडळाच्या सगळ्या बायका दुपारपासनं बाहेर होत्या. घरात कोणी रांधलेलं नाय. आता आम्ही देवीची गाणी म्हणणार आहोत. तरी सर्व पुरुषांनी घरी जाऊन जेवणाचं बघावं. ज्यांच्या घरात उपास हायत त्यांनी वरीचा भात करावा."

कोणी हलेना. सगळ्यांचे डोळे बाळाराम भाऊजींवर.

भाऊजी सावकाश उठले. चपला घातल्या. दारापर्यंत गेले, थांबले, वळले.

"सुमन, वरी कुठल्या डब्यात हाय?"

सुमन माईकवरच म्हणाली, "शोधा."