पार्किंगमधला धोंडा

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच वैतागलेलो होतो. मनीषनगरच्या आमच्या इमारतीत, पार्किंगच्या तोंडाशी त्याने आणून टाकलेल्या धोंड्याला माझी स्कूटर पुन्हा घासली होती. त्याला चार शब्द सुनवायला फोन हातात घेतला, तर तिकडून वहिनींचाच आला... ते चार शब्द राहूनच गेले.

कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही बरोबर नोकरी केली. निवृत्तीनंतर माणसे नातवंडे खेळवतात. हा मला ओढून शहराबाहेरच्या टेकडीवर न्यायचा. तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसे पुरली, वर बारीक दगड रचले आणि भोवती मोठ्या धोंड्यांचे कडे केले. पोचलो की चपला काढायच्या, कड्यात पाय टाकायचा नाही. माझ्या तळपायात काटे मोडायचे. "तुझ्या ओळखीचं आहे का कोणी आत?" मी ओरडलो, तर म्हणाला, "कोणाच्या तरी ओळखीचं असनच ना गा." अशा माणसाशी भांडावे तरी कसे?

उन्हाळ्यात मुरूम खणणाऱ्यांनी त्या कड्यातला एक धोंडा खाली ढकलला. तो ट्रकात जाईल म्हणून याने मालवाहू ऑटोत घातला आणि आणला थेट माझ्या दारात, कारण याचे घर दुसऱ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आणि खाली जागा नाही! "काहून चिडून राहिला? दोन दिवस ठेव. खणणारे हटले का पळसाखालच्या त्याच्या जागेवर नेऊन ठेवू. जागा सुटली का तो एकटा पडते गा." ते दोन दिवस काही संपले नाहीत. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकूंनी धोंड्याला शेंदूर फासला, आणि हलवायचे नाव काढले की अंगावर येऊ लागल्या.

प्रभाकरची तेरवी झाल्यावर मी वैतागून सांगितले, "काकू, हा देव नाही. मयतावरचा दगड आहे."

"अगं बाई! आजच्या आज उचला तो, भाऊ!"

वाट मोकळी झाली. खणणारेही गेलेत, पळस मला ठाऊक आहे. तरी काकूंना मी पुढच्या रविवारचेच सांगत राहिलो. प्रभाकरची राख नदीत गेली. साऱ्या जगाच्या मेलेल्यांचे दगड जपणाऱ्या या गृहस्थाच्या नावाचा एक खडाही कुठे नाही. हा धोंडा गेला की माझ्या दारात त्याचे काही उरणार नाही... पण 'एकटा पडते गा' डोक्यातून जाईना. शेवटी येत्या रविवारी ऑटो सांगितला.

आज सकाळी स्कूटर पुन्हा घासली. मी खाली उतरलो, चपला काढल्या आणि फोनवर राहून गेलेले ते चार शब्द धोंड्याला मोठ्याने सुनावले.