साबणबाईची सही

माझ्या वहिनीने एका माणसावर अकरा वर्षं डूख धरला. तो तिने कधी शिळा होऊ दिला नाही. मी तिची नणंद, एकाच घरात राहते म्हणून सांगते. त्यातली सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीच तिच्यावर खार खाऊन होते, हेही आधीच कबूल करते.

माझा थोरला भाऊ, दादा, फ्युएल सेल बनवणाऱ्या कारखान्यात चाचणीच्या टेबलावर कामाला होता. कार्बनच्या पातळ प्लेटा, दर दोन प्लेटांमध्ये एक पडदा, कडेने फट बुजवायला रबराची गॅस्केट, अशी शंभरेक थरांची चळत रचायची आणि लांब बोल्टांनी आवळायची. तिला ते स्टॅक म्हणतात. पडद्याच्या एका अंगाने हायड्रोजन, दुसऱ्या अंगाने हवा. धूर नाही, धडधड नाही. वीज तयार होते आणि नळीतून कोमट पाणी ठिबकतं. दादाने पहिल्यांदा हे घरी समजावलं तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकून शेवटी पाणीच काढायचं ना?"

हायड्रोजनची खोड वाईट. केसाएवढी फट मिळाली तरी तो निसटतो, आणि पेटला तर भर दिवसा ज्योत दिसत नाही. म्हणून टेबलाच्या वर सेन्सर बसवलेला असतो. गळती झाली की तो बोंब ठोकतो आणि वायू आपोआप तोडतो. एके दिवशी कारखान्यात पाहुणे यायचे होते आणि सेन्सर सकाळपासून तीनदा बोंबलला होता. डिझाइनचं काम बघणारा साहेब होता, त्याला सगळे 'सर' म्हणत. तो आला, सेन्सर बंद केला आणि दादाला म्हणाला, "पाहुण्यांसमोर तमाशा नको. तो जोड जरा आवळून घे."

दादाने दोन्ही हात घातले. ज्योत तिथे आधीपासूनच होती.

बोटं वाचली, पण वाकेनाशी झाली. शर्टाचं बटण लावणं गेलं, पेन धरणं गेलं. चौकशीचा अहवाल आला त्यात लिहिलं होतं की कर्मचाऱ्याने सेन्सर परस्पर बंद केला आणि वायू चालू असताना जोड आवळला. खाली सरांची सही. दादा पट्ट्या बांधलेले हात उशीवर ठेवून म्हणाला, "जाऊ दे. मोठ्या माणसांच्या नादी कोण लागणार?" वहिनीने अहवाल दोनदा वाचला, नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. ती रडली नाही, म्हणून आईला ती दगडाची वाटली.

कारखान्याच्या मालकाने निरोप पाठवला की घरातल्या कुणाला तरी काम देतो. वहिनी दुसऱ्याच सोमवारी हजर झाली. आईने तिच्याशी सहा महिने बोलणं टाकलं. "ज्यांनी नवऱ्याचे हात जाळले त्यांच्याच दारात पगाराला उभी राहिली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मीही कमी नव्हते. वहिनीचा डबा मी मुद्दाम भरायची नाही. ती स्वतः भरायची आणि जायची.

लग्नाआधी वहिनी बुटांच्या कारखान्यात कातडं कापायची. तिच्या हातातली सुरी कधी रेषेबाहेर गेली नाही. त्यामुळे तिला गॅस्केट कापायला बसवलं. पाहता पाहता ती प्लेटा रचायला शिकली, बोल्ट कोणत्या क्रमाने किती आवळायचे ते शिकली, मग गळती शोधायला. साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश घेऊन ती प्रत्येक जोडावर फेस लावायची आणि नाक टेकवून बुडबुड्याची वाट बघायची. सगळे तिला 'साबणबाई' म्हणू लागले. साबणबाईने सोडलेला स्टॅक परत येत नाही, असं तिथे बोललं जायचं.

तिसऱ्या वर्षी जुनं टेबल मोडीत निघालं. त्याच्या कंट्रोल बॉक्समध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद राहते, हे तिला एव्हाना कळलं होतं. तिने इलेक्ट्रिशियनला गोडीगुलाबीने सांगून ती नोंद छापून घेतली. दादा भाजला त्या दिवशीची तारीख, दहा वाजून चाळीस मिनिटं, सेन्सर बंद, आणि कोणाच्या पासवर्डने बंद केला तेही. सरांच्या. तो कागद तिने घरात फक्त मला दाखवला. तेव्हापासून मी तिचा डबा भरू लागले.

"मग मालकाच्या तोंडावर फेक ना हा कागद!" मी म्हणाले.

"आत्ता? आत्ता तो नुसता डिझाइनवाला आहे. आत्ता ढकलला तर फार तर गुडघे फुटतील. वर जाऊ दे त्याला."

ती भाजी निवडत होती. बोलताना तिचा हात जरासुद्धा थांबला नाही. मला तिची भीती वाटली, खरं सांगते.

सर खरोखरच वर गेले. नवव्या वर्षी ते तांत्रिक संचालक झाले. वहिनी तोवर गळती-चाचणीची प्रमुख झाली होती. तिच्या सहीशिवाय स्टॅक दाराबाहेर जात नव्हता. अकराव्या वर्षी प्रवासी बोटी बनवणाऱ्या एका कंपनीची मोठी ऑर्डर आली. बोटीसाठी वजन कमी हवं, म्हणून सरांनी प्लेटा पातळ केल्या आणि गॅस्केट बसते ती खाच उथळ केली. वहिनीने स्टॅक तीनदा तापवला, तीनदा थंड केला. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यावर बुडबुडे आले. पुन्हा केलं, पुन्हा आले.

सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "थंड असतानाचा आकडा लिहा आणि सही करा."

"गरम झाला की गळतो, सर."

"ते आपण नंतर सुधारू. उद्या त्यांचे तपासनीस येतायत. आणि टेबलाचा सेन्सर सारखा वाजतोय म्हणे, मी तो उद्यापुरता बंद केलाय. उगाच तमाशा नको."

तेच शब्द. ती घरी येऊन मला म्हणाली, "देवाकडे मागितलं असतं तरी इतकं नेमकं मिळालं नसतं." त्याच संध्याकाळी तिला मालकाकडे जाता आलं असतं. ती गेली नाही. दोन घास जास्त जेवली.

पुढचं तिने सांगितलं तसं सांगते. तिच्या हाताखालच्या दोघींनीही नंतर हेच सांगितलं. सकाळी अकराला मालक, सर आणि बोटवाल्यांचे तीन तपासनीस टेबलाभोवती उभे होते. स्टॅक जोडलेला, काटा दाब दाखवत होता. सरांनी भाषण केलं आणि सहीचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"सही करते," ती म्हणाली. "फक्त तो कोपऱ्याजवळचा जोड जरा ढिला वाटतोय. तेवढा तुम्ही आवळून द्या, सर."

सर हसले. "बाई, तुमच्याकडे माणसं आहेत ना?"

"तुमचं डिझाइन, तुमचाच हात लागू दे. सेन्सर काल तुम्हीच बंद केलाय, वाजायचा नाही. हा घ्या पाना."

तपासनीसांनी माना वळवल्या. सरांनी पाना घेतला नाही. ती पाना तसाच पुढे धरून उभी. ते एक पाऊल मागे सरले.

"डोकं फिरलंय का तुमचं?" ते ओरडले. "सेन्सर बंद असताना चालू लाइनीला कोण हात लावेल?"

"माझ्या नवऱ्याने लावला होता," वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून."

मग तिने पर्समधून दोन कागद काढून मालकापुढे ठेवले. एक तो अहवाल, दुसरी ती नोंद. गरम चाचणीचे आकडे तपासनीसांच्या हातात दिले. "आणि हो," ती म्हणाली, "घाबरू नका. मुख्य झडप मी सकाळीच बंद केलीय, किल्ली माझ्याकडे आहे. नळीत नुसता नायट्रोजन आहे. तो पेटत नाही. सरांनी हात लावला असता तरी काही झालं नसतं."

तिच्या दोघी म्हणतात, सरांचा चेहरा ते वाक्य ऐकून पडला, कागद बघून नाही.

आठवड्याभरात त्यांना जावं लागलं. अहवाल दुरुस्त झाला, दादाच्या नावे माफीचं पत्र आलं. पण ऑर्डर पाच महिने लांबली, आणि तेवढे दिवस निम्म्या लोकांना घरी बसावं लागलं. त्यातल्या काहींनी वहिनीशी बोलणं सोडलं. "आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर आमची रोजी बुडाली नसती," एकीने दारात येऊन सुनावलं. वहिनीने ऐकून घेतलं.

दादाने पत्र वाचून बाजूला सारलं. मग म्हणाला, "अकरा वर्षं तू माझ्या शेजारी बसून जेवलीस, आणि मनात सारखा तो माणूस. हे माझ्यासाठी केलंस?"

"पहिली दोन वर्षं तुमच्यासाठी," वहिनी म्हणाली. "पुढची माझ्यासाठी."

दादाला ते लागलं. काही दिवस दोघं कामापुरतंच बोलत होती. आई मात्र त्या पत्राच्या चार प्रती काढून नातेवाइकांना वाटत सुटली, जणू तिनेच सुनेला त्या दारात पाठवलं होतं.

नव्या डिझाइनवालीने खाच पुन्हा खोल केली, वहिनीला विचारून. स्टॅक दहादा तापवला, थंड केला. एक बुडबुडा नाही. वहिनीने सही केली.

सर आता दुसरीकडे नोकरी शोधतायत. त्यांना घ्यावं का म्हणून कंपन्या चौकशीचे फोन करतात, आणि जुन्या कारखान्यातल्या चाचणी-प्रमुखाला, म्हणजे वहिनीलाच, विचारतात. आजवर असे तीन फोन आले. वहिनी प्रत्येकाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगते, तारीख आणि वेळेसकट, आवाज न चढवता. तिसऱ्या फोननंतर दादा म्हणाला, "आता पुरे कर ना."

"मी कुठे केला फोन?" ती म्हणाली. "त्यांचाच आला."