साहेबासमोर गप्प राहिलेली

बी.ए. झाल्यावर समाजकार्याचं पुढचं शिक्षण घेणारी एक मुलगी दर मंगळवारी आमच्या परळच्या चाळीत यायची. काहीही गाऱ्हाणं सांगा, ती मान हलवून विचारायची, “मग आपण काय करूया?” मला चीड यायची. शिकलेली तू, तूच सांग ना!

नळाचं पाणी गेलं तेव्हा ती आम्हा बायकांना घेऊन म्युनिसिपालटीत आली. साहेब तिच्याशीच बोलू लागला. ती आपली पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प. शेवटी परपुरुषासमोर कधी तोंड न उघडलेल्या माझ्या सासूबाई कडाडल्या, “सायबानू, आमच्या पोरांनी काय समुद्राचा पाणी पिवचा?”

पाणी आलं.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सासूबाई पुढून घोषणा द्यायच्या, आणि मागून ‘झालाच पाहिजे’ म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज त्या गप्प मुलीचा!